उन्हाळ्यात पाणी घालू नये

त्या दिवशी सकाळी डोंगरात पाऊस पडला. दुपारी वादीतून पाणी आलं. माझा नवरा मुकुंद गाडी घेऊन वादीतून घरी येत होता. गाडी आधी सापडली, मुकुंद नंतर.

लोकांनी पुढे त्या दिवसाला पुष्कळ शब्द लावले. अकाली, दुर्दैवी, घात. मी ते ऐकून घेतले. त्यातला एकही मला वापरावासा वाटला नाही, अजूनही वाटत नाही. पाणी आलं, कारण पाऊस पडला. पाऊस पडला, कारण इथे पडायचा तो थंडीच्याच महिन्यांत पडतो. आणि त्या पावसानंतर काही आठवड्यांनी वरच्या डोंगरावर ती फुलं आली, एरवीपेक्षा कितीतरी जास्त, कारण पाऊसही एरवीपेक्षा जास्त झाला होता. हे सगळं एकाच पाण्याचं काम. त्यातल्या अर्ध्यासाठी रडायचं आणि अर्ध्याकडे पाठ फिरवायची, हे मला जमलं नाही.

यंदाही जानेवारीत पाऊस झाला. इथे आखातात, रास अल खैमात, पाऊस म्हणजे गंमत असते. गटारं नाहीत, त्यामुळे रस्त्यांची तळी होतात. शाळेला सुट्टी मिळते. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून वॉचमन बादल्यांनी पाणी उपसतो आणि शिव्या देतो. दुसऱ्या दिवशी हवा धुतल्यासारखी होते आणि मागचे डोंगर एकदम जवळ येऊन उभे राहतात. त्यांच्यावरून वारा आला की ओल्या चुनखडीचा वास येतो, नुकताच चुना दिलेल्या भिंतीसारखा. तो वास आला की मी कॅलेंडर पाहत नाही. डोंगरात घालायचे बूट बाहेर काढते, त्यांचे तळवे तपासते.

अजमानहून माझी एक जुनी मैत्रीण दरवर्षी याच सुमारास फोन करते.

"यंदा नाही ना जाणार तू?"

"जाणार."

"अगं, पण कशाला? जिथे आपलं असं झालं, तिथे माणूस पुन्हा पाऊल टाकत नाही."

"मी टाकते."

मग ती विषय बदलते आणि लुलूच्या दुकानात अळूची पानं आली आहेत का ते विचारते.

वादी म्हणजे डोंगरांमधलं नदीचं पात्र. वर्षातले बहुतेक दिवस त्यात नदी नसतेच. गोटे असतात, बोरीची झाडं असतात, बोरींना पुढचे पाय लावून उभ्या राहिलेल्या शेळ्या असतात. डोंगरात शिरायला दुसरी वाट नसल्यामुळे गाड्याही त्यातूनच जातात. पाऊस वर कुठेतरी पडतो. खाली ऊन असतं. आणि वळणाच्या पलीकडून आगगाडी यावी तसा आवाज येतो. हे मला मुकुंदनेच सांगितलं होतं. त्याला ते माहीत होतं. माहीत असणं आणि त्या वेळी तिथे नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुकुंद इथल्या एका दगडाच्या कंपनीत सर्व्हेअर होता. डोंगर कुठवर फोडायचा त्याच्या खुणा करायच्या, हे त्याचं काम. फोडलेला दगड जहाजांत भरून जायचा आणि कुठेतरी समुद्रात भराव होऊन पडायचा. मी इथल्या भारतीय शाळेत ग्रंथपाल. मी मिरजेची, तो राजापूरकडचा. कोकणातल्या माणसाला दगड म्हणजे सडा आठवतो. गावाच्या वर पसरलेलं जांभ्या दगडाचं ते पठार. वर्षभर काळं, तापलेलं, आणि भादव्यात मात्र बोटभर उंचीच्या फुलांनी झाकून गेलेलं. मुकुंद म्हणायचा, "दगडाला माती कमी पडली म्हणून त्याला नापीक म्हणू नये. त्याची वेळ यावी लागते." लग्न झाल्यावर पहिल्यांदा त्याच्या गावी गेले तेव्हा त्याने मला देवळाआधी सड्यावर नेलं होतं. सासूबाई रागावल्या होत्या.

इथल्या डोंगरातही तो तेच शोधत असणार. एक दिवस कामावरून आला आणि डबा माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "झाकण उघड."

आत निळसर दोऱ्यांचा ओला गुंता होता.

"हे काय?"

"दुपारी फूल होतं."

"मग आणलंस कशाला?"

"तुला दाखवायला."

"काय दाखवायला? गुंता?"

तो हसला नाही. शाळेत चित्र खराब झालेल्या मुलासारखा उभा राहिला. "शुक्रवारच्या सुट्टीत वर जाऊ," म्हणाला. "तिथेच बघायला हवं ते."

तेव्हा आमची ईरा पहिलीत होती. गाडी जाईल तिथवर गेलो आणि मग गाढवांच्या वाटेने चढलो. खाली जानेवारीतही घाम यायचा. वर कानाला गार वारा झोंबत होता आणि ईराला मुकुंदच्या मफलरमध्ये गुंडाळावं लागलं. वाटेत रानबदामाचं एक झाड होतं, पान एकही नाही, नुसती फिकी गुलाबी फुलं. त्याच्या वर, डोंगराच्या खांद्यावर, शेतं होती. खाचरं म्हणावीत अशी लहान, एकाखाली एक, दगडी बांधांनी धरून ठेवलेली. तिथली माती डोंगराची नव्हे. कोणीतरी, कितीतरी पिढ्यांपूर्वी, ती वादीतून पाठीवर वाहून वर आणली होती आणि बांध घालून अडवली होती. त्यात पावसावर जव पिकवायचे. आता कोणी पिकवत नव्हतं. माणसं खाली सरकारी घरांत राहायला गेली होती.

आम्ही पोचलो तेव्हा त्या शेतांत काही नव्हतं. जमिनीवर लोळणारी, लसणाच्या पातीसारखी, जराशी वळलेली पानं होती, बस.

"बाबा, व्हेअर इज इट?" ईराने विचारलं.

"झोपलंय."

"इट्स ऑलमोस्ट इलेव्हन!"

"असू दे. ते तुझ्या आईसारखं नाही, पाचला उठायला."

आम्ही बांधावर बसून पोळी-भाजी खाल्ली. शेळ्यांमागून एक म्हातारा आला. त्याच्या काठीच्या टोकाला चिमुकली कुऱ्हाड बसवलेली होती, या डोंगरातल्या पुरुषांच्या हातात असते तशी. त्याचं नाव सालेम, आणि ती शेतं त्याच्या घराण्याची. इथले जुने लोक बोलतात तसं मोडकं हिंदी तो बोलायचा.

"क्या देखता?"

"फूल," मुकुंदने पानांकडे बोट दाखवलं.

"ये?" सालेमने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "ये बकरी भी नहीं खाता." आणि तो इतका मनापासून हसला की ईराही हसायला लागली. मग त्याने आमच्यातली उरलेली पोळी घेतली, आणि खाताखाता मुद्द्यावर आला. "इधर कंपनी तोड़ेगा?"

"नहीं. लाइन नीचे है. मैंने खुद लगाया."

"इन्शाल्ला," सालेम म्हणाला. तो शब्द इथे किती तऱ्हांनी म्हणता येतो! त्याने म्हटला तो, तुझ्या बोलण्यावर माझा विश्वास आहे पण कंपनीवर नाही, अशा अर्थाचा होता.

ऊन माथ्यावरून जरासं कलल्यावर कुठेतरी एक टोक सुटलं. मी पाहत होते त्या कळीचं नव्हे, शेजारच्या. मग दुसऱ्या बांधाशी एक. कळीचा पीळ उलटा फिरायचा, सावकाश, आणि पाकळी बाहेर पडायची. निळ्या-जांभळ्यामधला रंग, मधे पांढरा डाग आणि त्या डागावर पिवळा ठिपका. फूल माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं. बघता बघता मघाच्या त्या लोळणाऱ्या पानांवर निळा रंग तरंगायला लागला. ईरा पोटावर झोपून त्यांच्या उंचीला गेली होती. आणि ऊन उतरायला लागलं तशी फुलं मिटली. मिटली म्हणजे संपलीच. एक फूल एका दुपारचं. पण त्याच दांड्यावर दुसरी कळी दुसऱ्या दिवसासाठी तयार होती.

मुकुंदने चाकूने मूठभर कंद खणून घेतले. करंगळीच्या टोकाएवढे, नारळाच्या काथ्यासारखं जाळीदार कवच घातलेले. घरी आणून कुंडीत लावले, वरचीच माती, वरचेच खडे. पानं सुकली तेव्हा मी पाणी घालायला गेले तर त्याने हात धरला.

"मे ते ऑक्टोबर एक थेंब नाही."

"मरतील की."

"कोरडी राहतात म्हणून जगतात. वर उन्हाळ्यात कोण पाणी घालतं त्यांना?"

मला ते पटायला वेळ लागला. आपण घरातली कुंडी कोरडी दिसली की तांब्या आणणारी माणसं. पण मी हात लावला नाही. पुढच्या वर्षी तीन फुलं आली, चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, समोर बेकरी आणि टायरचं दुकान. तीही दुपारीच उमलायची. मी आणि ईरा शाळेतून येईपर्यंत संपत आलेली असायची. नीट बघायला मिळायची ती शुक्रवारी. फूल आपल्या सुट्टीप्रमाणे वागत नाही, याचा मुकुंदला फार आनंद व्हायचा.

तो गेला तेव्हा ईरा तिसरीत होती. राजापूरहून त्याचे मोठे भाऊ आले, श्रीधरदादा. वडील लवकर गेल्यावर मुकुंदला त्यांनीच शिकवलं होतं. आंब्याच्या पेट्या उचलून त्यांची कंबर गेली, पण धाकट्याचं सर्व्हेचं शिक्षण अडू दिलं नाही. दुबईत अग्नी त्यांनीच दिला. तिथे काही वेळ त्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

घरी आल्यावर दादा कामाला लागले. दुःखात माणसाला काम लागतं. त्यांनी घरातल्या वस्तूंची मनात विभागणी केली. फ्रिज इथेच विकायचा. मिक्सर न्यायचा. पुस्तकं? "पुस्तकं एवढी कशी नेणार, सुनंदा? कोणाला तरी देऊन टाक." खालच्या, दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू सकाळ-संध्याकाळ पिठलं, मऊ भात, लिंबाचं लोणचं घेऊन यायच्या आणि दादांना दुजोरा द्यायच्या. "हो बाई. आपल्या माणसांत राहावं. इथे काय, व्हिसा आहे तोवर आपण, व्हिसा संपला की खलास."

ते खरंच होतं. माझा आणि ईराचा व्हिसा मुकुंदच्या नावावर होता. तो गेला की आम्ही या देशात असण्याचं कारण कागदोपत्री संपत होतं. थोड्या आठवड्यांची मुदत. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं होतं की शाळा मला स्वतःच्या व्हिसावर घेऊ शकते, पण महिना संपायच्या आत उत्तर हवं. हे मी दादांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले.

"एकटी बाई. लहान मुलगी. परका मुलूख. आणि तोही असला मुलूख, ज्यानं आपला माणूस नेला. काय ठेवलंय इथे?"

मी बोलण्यात फार हुशार नाही. मला बसून लिहावं लागतं. आणि समोर दादा होते, ज्यांना उलट बोलायची सवय त्या घरात कोणालाच नव्हती. मी म्हटलं, "दादा, शुक्रवारी माझ्याबरोबर वर येता?"

"वर कुठे?"

"डोंगरावर."

"त्या?"

"त्याच."

स्वयंपाकघरात काकूंच्या हातून झाकण पडलं.

एका पठाणाचा पिकअप ठरवला. ईराला काकूंकडे ठेवणार होते, पण ती बूट घालून दारात उभी राहिली. "आय नो द वे. यू डोंट," म्हणाली. वादीत पाणी नव्हतं. गोटे मात्र सगळे जागा बदललेले, नव्याने मांडल्यासारखे. दादांनी विचारलं, "कुठे?" मी दाखवलं. त्यांनी गाडी थांबवायला लावली. उतरले, दोन्ही हातांत मावेल एवढा गोटा उचलला आणि होता नव्हता तो जोर लावून दुसऱ्या गोट्यांवर आपटला. टणकन आवाज झाला. तो डोंगरावर जाऊन परत आला. मग दादा धोतराला हात पुसत गाडीत येऊन बसले. पठाण हळूच म्हणाला, "यल्ला, हाजी? चलें?" दादांनी मान हलवली.

वर पोचायला त्यांना वेळ लागला. ईरा पुढे, मधे थांबून त्यांना हात देणारी. शेतात तीच लोळती पानं. दादा बांधावर बसले आणि म्हणाले, "हे गवत बघायला आणलंस मला?"

"थांबा थोडं."

"थांबलोच आहे गं. घरी सगळेच थांबलेत."

ऊन सरकत होतं. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. नाही उमललं काही तर मी या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या भावाच्या मरणवाटेवरून नुसतंच ओढत आणलं, असं होणार होतं. मग ईराने हाक मारली, "काका, कम, कम! इट्स स्टार्टिंग."

त्या वर्षी ती बांधांत मावत नव्हती. बांधाच्या फटींतून, वाटेवर, शेळ्यांच्या लेंड्यांतून, जिथे चिमूटभर माती अडकली होती तिथून आली होती. एकामागून एक पीळ सुटत गेला आणि खालचं शेत, मग वरचं, मग त्याच्या वरचं निळं होत गेलं. दादा उठून उभे राहिले.

"च्यायला," ते म्हणाले. आणि मग, "सड्यावर भादव्यात..."

थोड्या वेळाने ते वाकून फुलं खुडायला लागले. कोकणात फूल दिसलं की हात आधी जातो. गणपतीच्या दिवसांत हे दोघे भाऊ सड्यावरून परड्या भरून आणायचे.

"दादा, ती टिकत नाहीत."

"मुकुंदाच्या फोटोला वाहीन."

"घरी जाईपर्यंत राहणार नाहीत."

"न राहू देत." त्यांनी रुमालात घातली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "हे ह्याच पाण्यानं?"

"ह्याच."

"आणि तुला हे बघवतं?"

"मला हेच बघायचं होतं," मी म्हटलं. आणि एकदा तोंड उघडल्यावर पुढचंही बोलून गेले. "मी शाळेला हो म्हणणार आहे, दादा. इथेच राहणार."

"वेडी आहेस."

"असेन."

"लोक म्हणतील, ज्या डोंगरानं नवरा खाल्ला त्याच्याच पायाशी बसली."

"डोंगरानं काही खाल्लं नाही. मुकुंद या डोंगरावर सुखी होता. तुम्ही त्याला राजापुरात आठवणार, सड्यावर, लहान असलेला. माझा मुकुंद इथला आहे. मी तिकडे आले तर तो मला कुठे भेटणार? तिथे मी सगळ्यांच्या दयेची सून होईन. तुम्ही प्रेमानेच कराल, मला ठाऊक आहे. पण मला ते नको."

एवढं लांब मी त्यांच्यापुढे कधी बोलले नव्हते. ईरा फुलांतून मान वर करून बघत होती. दादांनी रुमालाची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"आईला काय सांगू?"

"सांगा, ईराची परीक्षा आहे."

"आणि परीक्षा झाल्यावर?"

"पुढची परीक्षा."

ते हसले नसते तर मला बरं वाटलं असतं. ते हसले, आणि मग बांधावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. ईरा त्यांच्या शेजारी जाऊन बसली. आम्ही तिघंही घाईने उठलो नाही.

घरी रुमाल सोडला तेव्हा तोच ओला गुंता होता. त्यांनी तो तसाच फोटोपुढे ठेवला.

दादा गेल्यावर मी शाळेच्या कागदांवर सह्या केल्या. त्या दिवसांविषयी मला एक गोष्ट लिहायची आहे, कबुली म्हणून नव्हे, कारण तिच्याबद्दल मला वाईट वाटत नाही: मी माणसांना दारातून परत पाठवायला लागले. भेटायला येणारे, डबे आणणारे, "एकटी राहू नकोस, आमच्याकडे झोपायला ये" म्हणणारे. पहिल्या आठवड्यात त्यांच्यामुळे मी जगले, हे खरं आहे. नंतर मात्र प्रत्येक जण थोडंथोडं रडू माझ्यावर ओतून जायचा आणि मी दिवसभर ओली राहायचे. मला सुकायचं होतं. हे कोणाला सांगितलं की ते आणखी काळजीत पडायचे.

जुलैत, इथल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, मी ईराला घेऊन राजापूरला गेले. किल्ली जोशीकाकूंकडे. ऑगस्टच्या शेवटी परत आलो तर काकू दारातच उभ्या. चेहऱ्यावर सुट्टीभर सांभाळलेला आनंद.

"आधी बाल्कनीत ये. बघ."

कुंडी काळ्या ओलाव्याने चमकत होती. एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत साठवून आमच्या इमारतीतल्या सगळ्या बायका आपापल्या तुळशींना घालतात. काकूंनी ते रोज वर आणून या कुंडीत घातलं होतं. रोज, त्या उकाड्यात, गुडघे दुखत असताना, दोन जिने चढून.

"काकू, पाणी घालायचं नव्हतं."

"अगं, ठणठणीत कोरडं पडलं होतं! मुकुंदचं झाड मी मरू देईन होय?"

मी बोट खुपसलं. कंद मऊ लागले, आंबल्यासारखा वास आला. काथ्याची जाळी तेवढी बोटाला अडकली. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सांगावं की गप्प बसावं, असा तो क्षण होता, आणि मी सांगितलं. कारण गप्प बसले असते तर त्या रोज येत राहिल्या असत्या.

"हे उन्हाळ्यात कोरडं राहिलं तरच जगतं. ओलाव्याने कुजतं. कुजलंय हे."

"अगंबाई." त्या तिथेच टाइल्सवर बसल्या. "मी तर... मी जीव लावून घातलं गं."

"माहीत आहे मला."

"मग सांगायचं नाहीस का जाताना?"

"मला वाटलं नव्हतं कोणी घालेल."

"न घालता कसं राहील माणूस?" त्या म्हणाल्या, आणि मला तेव्हा कळलं की या प्रश्नाला त्यांच्याकडे खरोखरच उत्तर नाही. मी त्यांना चहा करून दिला. आम्ही दोघी त्या कुंडीपाशी बसून चहा प्यायलो. त्यानंतर काकूंचे डबे थांबले. येणं थांबलं नाही. त्या यायच्या, पेपर वाचत बसायच्या, आणि निघताना म्हणायच्या, "आज काही विचारलं नाही हं मी तुला." इतक्या चांगल्या रीतीने मला दुसरं कोणी एकटं सोडलं नाही.

घरात फूल उरलं नाही, म्हणून वर जाणं आलंच. मी गाडी चालवायला शिकले. दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा तो परीक्षकच कंटाळला. मग दर फेब्रुवारीत आम्ही दोघी, आणि ईरा मोठी होऊन तिला माझ्याबरोबर कुठे जायची लाज वाटायला लागली त्या वर्षांत मी एकटी. पाऊस न झालेल्या वर्षी काहीच नसायचं, नुसती खडखडीत शेतं. त्याही वर्षी गेले. आकाशाकडे बघून मगच वादीत शिरते, ढग दिसला तर गाडी वळवते. मला मरायचं नाही. लोकांना वाटतं तसलं काही नाही माझ्या मनात.

मुकुंदच्या जागी दुसरे सर्व्हेअर आले, आणि डोंगर फोडायची रेषा वर सरकली. सालेमनेच शाळेच्या फाटकाशी येऊन सांगितलं. सगळ्या पालकांच्या गाड्यांमध्ये तो आणि त्याची कुऱ्हाड. मी कंपनीत गेले. नवा सर्व्हेअर तरुण, सभ्य मुलगा होता. नकाशा दाखवला, खुर्ची दिली. "मॅडम, वो तो जंगली घास है," म्हणाला. मी म्हटलं, "हो. आहेच." रेषा हलली नाही.

तेव्हा मी ईराला घेऊन वर गेले. मे महिना, दगड हात लावू देत नव्हते. पानं कधीच वाळून उडून गेली होती. कंद नेमके कुठे ते आठवणीने शोधायचं. घरून नेलेल्या उलथन्याने आम्ही खणत होतो, आणि खालच्या शेतातले कंद पदरात घेऊन वरच्या शेतात पुरत होतो.

"आई, दिस इज क्रेझी," ईरा म्हणाली. तोंड लाल, केस घामाने चिकटलेले. "दे विल ब्रेक दॅट वन ऑल्सो समडे."

"फोडतील."

"देन?"

"मग अजून वर."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिची हनुवटी मुकुंदसारखी आहे. "यू आर सो जिद्दी," म्हणाली आणि उलथनं माझ्या हातातून ओढून घेऊन पुढचा खड्डा तिनेच खणला. खाली सुरुंगाचा भोंगा वाजला. डोंगर हलला, थोडी माती बांधावरून घसरली. आम्ही ती पुन्हा लोटून बसवली.

लावून झाल्यावर ईराने पाण्याची बाटली उघडली, आणि सवयीने हात त्या मातीकडे गेला. मग थांबली. पाणी स्वतः प्यायली, उरलेलं मला दिलं.

खालची शेतं त्या वर्षीच गेली. जिथे बांध होते तिथे आता सरळ कापलेली पांढरी भिंत आहे. सालेमला म्हातारपणी डोळ्यांनी दिसत नाही, तो मुलाकडे खाली राहतो. जोशीकाका-काकू निवृत्त होऊन ठाण्याला गेले. दादांच्या अंगात आता प्रवास करायचं बळ नाही. ईरा पुण्यात वनस्पतिशास्त्र नव्हे, अर्थशास्त्र शिकते. माझा व्हिसा शाळेच्या नावावर आहे. वरची दोन शेतं शिल्लक आहेत, त्यांत यंदा फुलं आली आहेत, आणि मी रास अल खैमात राहते.